मंडळीतल्या बाई

बाई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेले. आषाढातली पहाट होती, रात्रभर रिमझिम पडून नुकती उघडीप झाली होती. जळगावच्या दफनभूमीत खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपत होते आणि दोन तरुण मुले ते डब्याने उपसत होती. खानदेशात पावसाची कुणी तक्रार करत नाही. त्या दिवशीही कुणी केली नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, रेव्हरंड टिळकांचे एक भजन झाले, आणि एकेकाने पुढे होऊन मूठमूठ माती दिली. माती ओली असल्यामुळे ती हाताला चिकटून राहिली. घरी येऊन आम्ही हात धुतले, ते जरा उशिराच.

'आम्ही' म्हणजे पाच जण. एक महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले, एक बँकेतले, एकाचे बियाण्यांचे दुकान, एक गृहिणी, आणि एक बाईंच्याच मंडळीतले गृहस्थ. रविवारी दुपारी चारला बाईंच्या दोन खोल्यांत आम्ही वाचायला जमत असू. हा क्रम अठ्ठावीस वर्षे चालला. त्याला आम्ही कधी नाव दिले नाही, त्याची नोंद ठेवली नाही, की वार्षिक सभा घेतली नाही. बाईंना मात्र हजेरीची सवय होती. नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे शिकवल्यामुळे असेल, कुणी दोन रविवार आला नाही की तिसऱ्या रविवारी त्याला कारण सांगावे लागे, आणि ते त्यांना पटावे लागे.

दफनविधीनंतर काही दिवसांनी पाळकसाहेब आमच्याकडे आले. महिन्याभराने धुळ्याला बाईंच्या माहेरच्या मंडळीत स्मरणाची उपासना ठेवली होती. तिथे वाचायला एक पान हवे होते. "तुम्ही लिहिणारी माणसे. बाईंविषयी दोन शब्द नीट लिहून द्या," असे ते म्हणाले. आम्ही होकार दिला. त्या एका पानाने आम्हांला जे शिकवले, त्याविषयी हा लेख आहे.

'मंडळी' ह्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे जेवायला बसलेले लोक म्हणजे मंडळी, प्रवासाला निघालेले लोक म्हणजे मंडळी, आणि जुन्या पिढीतला संकोची नवरा बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करी. मराठी ख्रिस्ती समाजात हाच शब्द चर्चसाठी वापरला जातो. इमारतीला देऊळ म्हणतात, चर्चही म्हणतात. पण त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांचा जो समुदाय, ती मंडळी. खानदेशातल्या मंडळ्या फार मोठ्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या अलायन्स मिशनने भुसावळ, जळगाव, चाळीसगाव ह्या पट्ट्यात काम सुरू केले. पश्चिमेकडे धुळे, नंदुरबार, नवापूर ह्या भागात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन आणि स्वीडिश मिशनरी आले. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मिशनरी परत गेले, मंडळ्या राहिल्या. त्या राहिल्या त्या बाईंसारख्या माणसांमुळे. मोठ्या संस्थेच्या इतिहासात अशांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते, तीही समूहाने.

बाई मूळच्या धुळ्याकडच्या. घरची बोली अहिराणी. मुलींच्या वसतिगृहात राहून शिकल्या, शिक्षिका झाल्या, नेमणूक जळगावला मिळाली आणि तिथेच राहिल्या. लग्न केले नाही. ते का, हे आम्ही अठ्ठावीस वर्षांत विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. उपासनेत पेटी वाजवत. रविवारच्या शाळेत चाळीस वर्षे मुलांना शिकवले. एवढी माहिती आम्हांला होती, आणि एवढ्यावर आम्ही पान लिहिले.

ते पान आजही आमच्याकडे आहे. भाषा शुद्ध आहे. त्यात 'निःस्वार्थ सेवा' आहे, 'मृदू स्वभाव' आहे, 'चंदनासारखे झिजणे' आहे आणि शेवटी 'भरून न येणारी पोकळी' आहे. आमच्यातल्या गृहिणी ते बाईंच्या शेजारणीला दाखवायला घेऊन गेल्या. शेजारीण मंडळीतलीच, बाईंची चाळीस वर्षांची सोबतीण. तिने चष्मा लावून पान दोनदा वाचले आणि परत दिले. म्हणाली, "छान आहे. हे कुणाहीबद्दल चालेल."

आम्ही वरमलो. त्यातही 'मृदू स्वभाव' वाचून ती हसली होती, हे आम्हांला नंतर कळले.

बाईंचा स्वभाव मृदू नव्हता. दर वर्षी देवळात हंगामाची उपासना होते. शेताचे, परसाचे, हातच्या कष्टाचे पहिले फळ आणायचे, ते वेदीपुढे मांडायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, अशी रीत आहे. आमच्या भागातल्या लिलावात केळीचे घड असतात, भरिताची वांगी असतात, ज्वारीची पायली असते, कुणी कोंबडी आणतो, कुणी घरी केलेल्या शेवया. लिलाव पुकारणारा चेष्टा करत भाव चढवतो आणि एका नारळाचे दोनशे रुपये होतात. बाईंना हे मान्य नव्हते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दोनशेला नारळ नेतो आणि टाळ्या घेतो. जिने दारची चार वांगी आणली तिच्याकडे कुणी पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे. एका वर्षी त्या उभ्या राहिल्या आणि त्या चार वांग्यांची बोली त्यांनी एकट्याने चढवत नेली. समोर दुसरे कुणी बोली लावत नसताना स्वतःच्याच बोलीवर बोली लावली आणि अर्ध्या पेन्शनला ती वांगी विकत घेतली. पुकारणाऱ्याला काही सुचेना. वांगी आणणारी बाई रडू लागली. पाळकसाहेबांनी घाईने आशीर्वाद देऊन उपासना संपवली. त्यानंतर महिनाभर बाईंकडे चहात दूध कमी असे. ते आम्ही पाहिले होते आणि कारण ओळखले नव्हते.

हे आमच्या पानात का आले नाही? आम्हांला ते ठाऊक होते. पण मेलेल्या माणसाविषयी लिहिताना हात आपोआप विशेषणांकडे जातो. त्यात आदर असतो, आणि थोडी पळवाटही असते. विशेषण दिले की प्रसंग सांगावा लागत नाही. आणि प्रसंग सांगितला तर त्यात आपण कुठे उभे होतो, हेही सांगावे लागते.

गंमत अशी की, हा धडा आम्ही बाईंच्याच घरी, बाईंसमोर वाचला होता. आमच्या वाचनाचा आरंभ लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने झाला. मराठीत ते पुस्तक ठाऊक नाही असा वाचक विरळा, म्हणून त्याची ओळख करून देत नाही. चार भागांतले पहिले १९३४ साली निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे, १९३६ मध्ये, मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा करून छापला. मराठी साहित्याने लक्ष्मीबाईंना आपले मानले ते लेखिका म्हणून, आणि ते योग्यच झाले. पण बाईंना त्या वेगळ्या दिसत. "त्या आधी मंडळीतल्या होत्या," असे बाई म्हणत. प्लेगच्या दिवसांत रोग्यांपाशी जाणाऱ्या, अनाथ पोरे घरात घेणाऱ्या, कुणाच्याही सुखदुःखात न बोलावता जाऊन उभ्या राहणाऱ्या. अशी एक बाई प्रत्येक मंडळीत असते, ह्या बाईला लिहिता आले एवढाच फरक, असे त्यांचे मत होते. तो फरक 'एवढाच' नाही, असे आमच्यातले प्राध्यापक दर वेळी सांगत. बाई ऐकून घेत आणि मत बदलत नसत.

लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचे काय केले ते पाहावे. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ते कवी, पाळक, 'ज्ञानोदय'चे संपादक. मराठी ख्रिस्ती समाजाचे तर दैवत. त्यांची भजने आजही प्रत्येक मराठी देवळात 'उपासना संगीत' उघडून म्हटली जातात. अशा माणसाच्या विधवेने नवऱ्याची स्तुतिगाथा लिहिली असती तर कुणी नावे ठेवली नसती. लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा लिहिला, लहरीपणा लिहिला, घरात पैसा नसताना असलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे लिहिले. १८९५ मध्ये त्यांनी बायकोला न सांगता बाप्तिस्मा घेतला आणि तिच्या पायाखालची जमीन गेली, ती वर्षे लिहिली. ह्या सगळ्यातून टिळक लहान होत नाहीत. उलट, ते अजून त्या घरात येरझारा घालत आहेत असे वाटते. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' ह्याच बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. म्हणजे भक्ती कमी नव्हती. तिच्या भक्तीला खोटे बोलण्याची गरज नव्हती.

आम्ही पान बाजूला ठेवले आणि बाईंची 'स्मृतिचित्रे'ची प्रत शोधायला गेलो. बाईंचा भाचा धुळ्याहून येऊन खोली आवरत होता. भला माणूस. त्याने आधीच दोन पोती रद्दी दिली होती. त्यात बाईंच्या वह्या होत्या, रविवारच्या शाळेची चाळीस वर्षांची हजेरीपत्रके होती. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगायला आम्ही तिथे नव्हतो. धुळ्यात राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरे त्यांनी गोळा केली; त्यांच्या नावाची संशोधन संस्था आजही धुळ्यात ती जपते. त्याच खानदेशात चाळीस वर्षांत देवळात आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव असलेली हजेरीपत्रके आमच्या डोळ्यांसमोर रद्दीच्या भावात गेली. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते.

बहिणाबाईंचे उदाहरण जळगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या लिहू शकत नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि त्यांच्या गाण्यांची वही सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली नसती, तर आज विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बाईचे नाव भाऊबंदांपलीकडे कुणाला कळले नसते. लक्ष्मीबाईंना देवदत्त होते, बहिणाबाईंना सोपानदेव होते. श्यामच्या आईलाही श्याम होता, आणि तो अमळनेरला शिक्षक होता. आपल्याकडे बाईची आठवण टिकायला लिहिता येणारा मुलगा असावा लागतो, असा ह्याचा अर्थ निघतो. बाईंना मूल नव्हते. होती ती मंडळी, आणि आम्ही.

'स्मृतिचित्रे'ची प्रत मिळाली. पुठ्ठा गेलेला, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. बाईंना पुस्तकात पेन्सिलीने खुणा करायची सवय होती. त्या खुणा पाहून तरी बाईंविषयी काही कळेल, अशा आशेने आम्ही पाने उलटली. आम्ही कोणती पाने आधी उघडली, तेही सांगितले पाहिजे.

लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने पछाडलेले होते. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे. त्या घरात वाढलेली मुलगी पुढे नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्याच्यापासून दूर राहिली, मग त्याच्या घरी येऊन स्वतःचे सोवळे वेगळे सांभाळत राहिली, आणि एके दिवशी विचार करता करता तिला उमगले की जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. त्या दिवसापासून ती कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी शिवाशीव गेली, मग धर्म बदलला. हा क्रम आम्हांला नेहमी फार मोलाचा वाटत आला आहे. ही पाने आम्ही आधी उघडली, कारण आमच्यातल्या एकाच्या मनात एक कप होता.

हा आमच्यातला एक, बियाण्यांच्या दुकानाचा, बाईंच्याच गल्लीत वाढला. लहानपणी गणितात कच्चा. बाई संध्याकाळी त्याच्या घरी येऊन त्याला शिकवत. पैसे घेत नसत. त्याची आई बाईंना चहा देई. तो कप वेगळा होता. निळ्या काठाचा, दांडीपाशी टवका उडालेला. तो घरातल्या भांड्यांत ठेवला जात नसे. मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा असे. चहा पिऊन झाला की बाई उठत, मोरीवर कप स्वतः विसळत आणि कोनाड्यात होता तसा पालथा ठेवत. त्यांना कुणी तसे सांगितल्याचे त्याला आठवत नाही. त्यांना ते न सांगता कळत होते, आणि त्यांना कळते हे त्याच्या आईलाही कळत होते. तीन वर्षे हे चालले. मुलगा गणितात पास झाला.

पुढे त्याची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली. सुना नोकरीच्या, मुलगी लांब दिलेली. बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या रोज दुपारी येऊन बसत, चमच्याने पेज भरवत, अंग पुसत. आई बाईंच्या हातून अकरा महिने जेवली. कपाविषयी कुणी काही बोलले नाही. आईला बोलता येत नव्हते, आणि येत असते तर बोलली असती की नाही, हे तिचा मुलगा सांगू शकत नाही. कप कोनाड्यात होता. तो फेकायचे धाडस कुणाला झाले नाही, आणि वापरायचेही नाही.

आई गेल्यावर काही वर्षांनी, एका रविवारी बाकीचे यायच्या आत, त्याने बाईंना विचारले, "बाई, तो कप तुम्हांला आठवतो का?" बाई पेटीवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या आईचा चहा चांगला असायचा. आलं घालायची." आणि पुसत राहिल्या. त्याने ते उत्तर क्षमा म्हणून घेतले. खरे तर त्याला तसे घ्यायचे होते म्हणून घेतले. पुन्हा विचारायचे त्याचे धैर्य झाले नाही.

तर ती पाने आम्ही उघडली. त्यांच्यावर एकही खूण नव्हती. मागे पाहिले, पुढे पाहिले. सोवळ्याची पाने कोरी, शिवाशीव सुटल्याची कोरी, बाप्तिस्म्याचीही कोरी. पेन्सिलीच्या खुणा होत्या त्या भलत्याच ठिकाणी. घरखर्चाची ओढाताण आहे तिथे, पाहुणे अवेळी येतात तिथे, नवराबायकोच्या भांडणात बायको वरचढ ठरते तिथे एक जोरकस रेघ. आणि ठोमरे येतात तिथे पानेच्या पाने.

ठोमरे म्हणजे बालकवी. ते आमच्याच मुलखातले. १८९० साली धरणगावात जन्मले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तिथे ह्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले. पुढे टिळकांच्या नगरच्या घरी तो राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा वागवला. त्यांच्या पुस्तकातला ठोमरे पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा नाही. तो हट्टी आहे, लहरी आहे, रुसतो, आणि त्याला समजावून जेवायला बसवावे लागते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ तो आगगाडीखाली सापडला. वय वर्षे सत्तावीस. भादली जळगावहून भुसावळकडे जाताना लागते. इतके जवळ की रोज जाणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. बाईंनी त्या पानाच्या समासात तारीख लिहिली होती आणि खाली लिहिले होते, 'एकदा जाणे.'

आम्हांला ठाऊक होते. बाईंनी आम्हांला अनेकदा म्हटले होते, "पाच मेला भादलीला जाऊन येऊ. काही करायचं नाही. नुसतं बसून यायचं." आम्ही दर वर्षी हो म्हणत असू. एका वर्षी उन्हाळा फार होता, एका वर्षी लग्न होते, एका वर्षी निवडणूक, एका वर्षी पेरणीआधीचा दुकानाचा हंगाम. मग बाईंचे गुडघे गेले आणि आम्हांला खरे कारण मिळाले. भादली पंधरा किलोमीटरही लांब नाही.

आम्ही पान पुन्हा लिहायला घेतले. ह्या वेळी त्यात वांग्यांचा लिलाव आला, दुधाशिवायचा चहा आला, हजेरी आली, पेटी वाजवताना चुकीचा सूर लावणाऱ्याकडे वळून पाहण्याची त्यांची रीत आली. भादलीला आम्ही त्यांना नेले नाही हे आले. कपाविषयी वाद झाला. आमच्यातल्या मंडळीतल्या गृहस्थांचे म्हणणे, हे देवळात वाचू नये. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक कप कुठल्या तरी शेजाऱ्याकडे होता, तो त्यांना आठवून काय मिळणार? प्राध्यापक म्हणाले, हा कबुलीजबाब आपल्या समाधानासाठी आहे, बाईंसाठी नाही. दोघांचेही खरे होते. शेवटी ज्याचा कप होता तो म्हणाला, "बाईंविषयी मला हेच ठाऊक आहे. हे काढले तर माझ्यापाशी विशेषणेच उरतात." तेव्हा ते ठेवले.

श्रावणात आम्ही एस.टी.ने धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार, आणि पान बँकेतल्यांच्या खिशात. देऊळ भरलेले होते. उपासना झाली, भजने झाली, आणि कपवाल्याने स्वतः उभे राहून पान वाचले. लिलावाला लोक हसले. मोकळेपणाने हसले, त्यात बाईंचा भाचाही होता. कपाला सगळे गप्प झाले. ते गप्प होणे चांगले की वाईट, हे कळायला मार्ग नव्हता. वाचून झाल्यावर मागून एक प्रौढ गृहस्थ उठून म्हणाले की, आज शोकाचा प्रसंग आहे, जुने कशाला उगाळायचे? पाळकसाहेब काही बोलायच्या आत पुढच्या बाकावर बसलेली बाईंची मोठी बहीण, नव्वदीच्या घरातली, मान न वळवता म्हणाली, "खरं शे ना? मंग राहू द्या."

त्यानंतर प्रार्थना झाली. बाहेर ओट्यावर चहा होता, सगळ्यांना सारख्या स्टीलच्या पेल्यांत. बहिणीने आमच्यातल्या त्या एकाला जवळ बोलावून घेतले. आम्हांला वाटले काही मोठे बोलणार. तिने विचारले, "तुनी माय चहामा आलं टाके का?" म्हणजे बाईंनी धाकटेपणी बहिणीला हेच सांगितले होते, की पुढे कधी? आम्ही विचारले नाही. त्याने मान हलवली. म्हातारी म्हणाली, "हां. सांगे ती." एवढेच. बाईंनी आपल्या बहिणीला चहाविषयी सांगितले होते. कपाविषयी सांगितले होते की नाही, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. पण त्या परत येताना एस.टी.त एकाने म्हटले आणि आम्हांला ते पटले: आपण जे क्षमा की राग म्हणून तोलत बसलो होतो, ते कदाचित दोन्हीही नसेल. त्या घरात चहा चांगला मिळत होता आणि कप वेगळा होता. बाईंनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या, आणि बोलायला एक निवडली. ती निवड त्यांची होती. दुसरी गोष्ट बोलायची जबाबदारी आमची होती.

ह्या वर्षी ५ मेला आम्ही भादलीला गेलो. सकाळीच निघालो तरी नऊच्या आत ऊन अंगावर आले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उन्हाने पाने फाटलेली. स्टेशनात फारसे कुणी नव्हते. आम्ही बाकावर बसलो. कविता म्हणायच्या असे कुणी ठरवले नव्हते आणि कुणी म्हटल्याही नाहीत. एक मालगाडी गेली. डबे मोजायची लहानपणची सवय अजून सुटली नाही असे दिसले, कारण ती गेल्यावर दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले. पाण्याची बाटली एकच आणली होती. ती पाची जणांत फिरली.

बाईंची 'स्मृतिचित्रे'ची प्रत आता आमच्याकडे आहे. 'एकदा जाणे' ह्या शब्दांपुढे आम्ही काही लिहिले नाही. रविवारी चारला आम्ही अजून जमतो, कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे. हजेरी घेणारे कुणी नाही, म्हणून गैरहजेरी वाढली होती. गेल्या महिन्यात आमच्यातल्या गृहिणींनी एक वही आणली आहे.